गावाचा आराखडा ठरतो कधी, कुणासमोर? : वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर ते जानेवारी या दिवसांत ग्रामपंचायतींचे पुढच्या वर्षाचे विकास आराखडे आणि अंदाजपत्रकं तयार होतात. त्या निमित्ताने आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : हात वर करायला बायकांना बोलावतात, पण कामांची यादी आधीच लिहून झालेली असते. म्हणून उत्तरांत ग्रामसभेच्या दिवसापेक्षा त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांवर जास्त भर दिला आहे.

आमच्याकडे महिला सभा ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला असते. आठ-दहा जणी येतात. बाकीच्यांच्या सह्या शिपाई घरोघर फिरून आणतो. या सभेला कायद्याने किती किंमत आहे? आणि बायका याव्यात म्हणून काय करावं?
— ग्रामपंचायत सदस्या, सोलापूर जिल्हा

महिला सभा घ्यायची की नाही, हे सरपंचांच्या मर्जीवर नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ग्रामसभाच बोलावली नाही, तर सरपंच-उपसरपंच अपात्र ठरू शकतात.

घरोघर फिरून आणलेल्या सह्या म्हणजे खोटी हजेरी. त्या सह्यांवर उद्या कोणता ठराव लिहिला जाईल, हे सही करणारीला कळतही नाही. म्हणून पहिली सवय ही लावा : सभा संपण्याआधी इतिवृत्त तिथेच लिहून मोठ्याने वाचायचं, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ ओढायची आणि त्या रेघेखाली सह्या-अंगठे घ्यायचे. कोऱ्या पानावर सही कुणीही करू नये.

वेळेचं म्हणाल, तर अकरा वाजता मजुरीला जाणारी बाई रानात असते. ज्वारीची काढणी किंवा द्राक्षाची विरळणी चालू असताना दिवसाचा रोज बुडवून ती सभेला येणार नाही आणि तिने तसं यावं अशी अपेक्षाही धरू नये. ग्रामपंचायतीच्या इमारतीत एक मोठी सभा भरवण्याऐवजी आधीच्या आठवड्यात प्रत्येक वस्तीवर रात्री आठनंतर पाऊण तासाची बैठक घ्या. अंगणवाडी, समाजमंदिर, बचत गट जिथे बसतो ती ओसरी, काहीही चालेल. निरोप दवंडीवर सोडू नका. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि गटाच्या अध्यक्ष घरोघर सांगतात तेव्हाच माणसं जमतात. वस्तीवर निघालेल्या मागण्या मग रीतसर महिला सभेत ठरावात घ्यायच्या.

ठराव झाला म्हणजे काम झालं असंही नाही. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ती निघण्यापूर्वीच सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना लेखी पत्र द्या : ‘महिला सभेचे ठराव वाचून त्यावर निर्णय घेणे’ हा विषय विषयपत्रिकेत पहिल्या दोन-तीन विषयांत हवा. पत्राची पोच घ्या. शेवटचा विषय म्हणून टाकला, तर तो येईपर्यंत बायका स्वयंपाकाला घरी गेलेल्या असतात.

तहकूब सभेवर बारीक नजर ठेवा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि पुढच्या तारखेच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. कितीतरी गावांत आराखडा मंजूर होतो तो याच दुसऱ्या सभेत, वीस-पंचवीस पुरुषांसमोर. पहिल्या दिवशी आलेल्या बायकांना दुसरी तारीख कळवलेलीच नसते. सभा तहकूब झाली की उठण्यापूर्वी पुढची तारीख आणि वेळ फळ्यावर लिहून घ्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच रात्री गटांच्या ग्रुपवर टाका.

महिला-बालकल्याणाचे 10 टक्के म्हणजे नेमके किती? आमच्या गावात त्यातून दर वर्षी 8 मार्चचा कार्यक्रम आणि अंगणवाडीच्या सतरंज्या एवढंच होतं.
— बचत गट अध्यक्ष, सातारा जिल्हा

हे 10 टक्के ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे असतात, एकूण जमेचे नव्हेत. उदाहरणादाखल आकडे घेऊ. घरपट्टी 4,10,000, बाजार फी 1,30,000 आणि गाळाभाडं 1,00,000 मिळून स्वतःचं उत्पन्न 6,40,000 रुपये. त्याचे 10 टक्के 64,000 होतात. याच उत्पन्नातून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांसाठी 15 टक्के म्हणजे 96,000 आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के म्हणजे 32,000 बाजूला ठेवावे लागतात. दलित वस्तीतल्या आणि दिव्यांग बायकांचा या दोन रकमांवरही हक्क आहे. ‘तुमचं महिलांच्या 10 टक्क्यांत बघू’ असं त्यांना कुणी सांगत असेल तर ऐकून घेऊ नका.

आता याच ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे 18,00,000 रुपये आले असं समजा. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात त्यातले 60 टक्के बंधित होते : निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. या हिशेबाने पाण्याला 5,40,000, स्वच्छतेला 5,40,000 आणि अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेले, 7,20,000. एकूण जमा झाली 24,40,000. त्यात 64,000 म्हणजे शंभरातले पावणेतीन रुपयेही नाहीत. महिला सभेची सगळी ताकद या 64,000 वर खर्च करायची आणि उरलेल्या पावणेचोवीस लाखांकडे बघायचंही नाही, ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. नळाची वेळ, गटार, शौचालय, दवाखान्याकडचा रस्ता हे सगळं त्या मोठ्या रकमेत ठरतं. (वित्त आयोगाचं नवं चक्र सुरू झालं की टक्केवारी बदलू शकते. त्या वर्षीचं मार्गदर्शक परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून मागून घ्या.)

64,000 चंही नीट होऊ शकतं. सतरंज्यांचं बिल मार्चमध्ये लागतं, कारण वर्षभर कुणी विचारलेलं नसतं आणि 31 मार्चच्या आत रक्कम खर्ची दाखवायची घाई असते. म्हणून मे महिन्याच्या महिला सभेतच वापर ठरवा आणि डिसेंबरपर्यंत खर्च पुरा करा. मागच्या वर्षीचे पैसे शिल्लक असतील तर ते या वर्षीच्या रकमेत मिळवून धरायला लावा. शिवणकामाच्या प्रशिक्षणासारखा खर्च असेल, तर लाभार्थींची यादी आणि हजेरी सभेपुढे ठेवायला सांगा. यादी नसलेलं प्रशिक्षण अनेकदा झालेलंच नसतं.

आणखी एक : घरपट्टीची वसुली घटली की हे 10 टक्केही घटतात. वसुलीचा विषय निघाला की बायकांनी गप्प बसू नये.

महिला सभेने दिव्यांची मागणी केली होती. ग्रामसभेत ‘निधी बघून करू’ असं उत्तर मिळालं आणि आराखड्यात ती आलीच नाही. मागणी कशी लिहावी?
— वाचक, नाशिक जिल्हा

‘गावात पुरेसे दिवे लावावेत’ ही मागणी आराखड्यात बसत नाही, कारण आराखड्यात कामाचं नाव, ठिकाण, रक्कम आणि निधीचा स्रोत लिहावा लागतो. या चार गोष्टींशिवाय आलेली मागणी ‘पुढे बघू’ म्हणून बाजूला पडते. ठिकाण, मोजमाप, कुणाला किती त्रास आणि सुचवलेला निधी हे लिहून दिलं, की नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागतं.

तुमच्याच दिव्यांचं घेऊ. रात्री आठला चार-पाच बायका आणि दोन पुरुषांनी वाट चालून बघा. शासनाच्या कार्यक्रमात मशाल फेरी म्हणतात ती हीच, फक्त घोषणा न देता खांब मोजत चालायचं. मग लिहा : ‘मारुती मंदिर ते वरची वस्ती, अंतर 320 मीटर. वाटेवर वीज कंपनीचे 9 खांब. चालू दिवे 2, बंद 1, दिवा नसलेले खांब 6. क्लासवरून परतणाऱ्या मुली आणि शौचालयाला जाणाऱ्या बायका ही वाट वापरतात. मागणी : 6 नवे एलईडी दिवे, 1 दुरुस्ती. निधी : वित्त आयोग, अबंधित.’

खांब मोजताना मान वर करून तारा बघायला विसरू नका. पथदिव्यांसाठी वेगळी तार ओढलेली असते. ती पुढच्या खांबापर्यंत गेलेली नसेल, तर नुसते दिवे विकत घेऊन भागत नाही, तार ओढण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा लागतो. दिवे आणले आणि वर्षभर गोदामात पडून राहिले, असं होण्याचं नेहमीचं कारण हेच. दुसरं म्हणजे बिल. पथदिव्यांचं वीजबिल थकलं की जोडणी तुटते, म्हणून देखभाल आणि बिलाची तरतूद त्याच ठरावात मागा.

मागणीवर निर्णय ग्रामसभेत तिथल्या तिथे लिहून घ्या : मंजूर, नामंजूर की पुढच्या वर्षी, आणि का. नामंजुरीचं कारण लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी त्या कारणावर बोलता येतं.

सभेत नेहमीचे दहा-बारा पुरुषच बोलतात. आम्ही बाकीचे पुरुषही गप्प असतो. सगळ्यांचं मत कळेल अशी काही सोपी पद्धत आहे का?
— युवक, जळगाव जिल्हा

तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘पुरुष येतात’ याचा अर्थ सगळे पुरुष येतात असा नसतो. जमीन नसलेला, रोजंदारीवरचा, दुसऱ्याच्या रानात सालगडी असलेला पुरुष गावकारभारात बाईइतकाच दूर असतो.

चिंचोक्यांची पद्धत वापरून बघा. वस्तीबैठकांतून आलेल्या मागण्यांतल्या आठ-दहा निवडा. प्रत्येकीसाठी झाकणाचा डबा घ्या, झाकणाला चिंचोका जाईल एवढंच भोक पाडा. डब्यावर नावाबरोबर चित्र काढा : नळ, दिवा, शाळा, गटार. प्रत्येकाला 10 चिंचोके द्या, वाटले तर सगळे एका डब्यात, वाटले तर विभागून. बायकांना चिंचोके आणि पुरुषांना हरभरे दिले, तर एकाच डब्यात दोघांची मतं वेगळी मोजता येतात. डबे आडोशाला ठेवा आणि एका वेळी एकालाच जाऊ द्या. उघड्यावर ठेवले की पहिला वजनदार माणूस जिथे टाकतो, तिथेच पुढचे सगळे टाकतात. मोजणी मात्र सगळ्यांसमोर करा आणि आकडे फळ्यावर लिहा.

बायका आणि पुरुष दोघांच्याही यादीत वर आलेली कामं बिनवादाची, ती आराखड्यात आधी घ्या. चर्चेचा वेळ उरलेल्यांवर द्या. पुरुषांच्या यादीत स्मशानभूमीचा रस्ता वर आणि बायकांच्या यादीत खाली, किंवा पाण्याच्या टाकीचं उलट, असं का झालं हे दोघांनी एकमेकांना सांगायचं. नुसती बेरीज करून मोकळं होऊ नका. सभेला पुरुष जास्त आले असतील, तर बेरजेत त्यांचंच पारडं जड होतं. निवड दोन्ही याद्यांतून सारखी करा.

आमच्या वस्तीवरचे नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जातात. परत येतो तोवर आराखडा झालेला असतो. आम्ही काय करावं?
— वाचक, बीड जिल्हा

आराखड्याची मोहीम साधारण 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि जानेवारीअखेर संपते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे गावातला सर्वांत गरजू गट नियोजनाच्या संपूर्ण काळात गावाबाहेर असतो. हे सरळ सरळ अन्यायाचं आहे आणि त्यावर उपाय गावातच करता येतो.

सप्टेंबरमध्ये, टोळी निघण्याआधी, वस्तीवर बैठक लावा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तसा ठराव घेतला तर उत्तम. बैठकीत दोन याद्या करा. पहिली यादी कायम लागणाऱ्या गोष्टींची. दुसरी, आपण नसताना मागे राहणाऱ्यांची : म्हातारी माणसं, शाळेतली मुलं, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह, रेशन. ही दुसरी यादी करताना बायका आणि पुरुष वेगवेगळे बसवा. पुरुष बहुधा उचल (मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे), गाडी आणि जनावरांचं बोलतात. मूल कुणाकडे ठेवलं, वयात आलेल्या मुलीला बरोबर न्यावं लागतं का, हे बायका एकट्या असल्या तरच निघतं.

दोन्ही याद्यांवर सह्या घेऊन पोच घ्या आणि गावात राहणाऱ्या एका बाईला व एका पुरुषाला त्या ग्रामसभेत मांडायला नेमा. बचत गट असेल तर ‘उमेद’ या शासनाच्या बचत गट अभियानातल्या ग्रामसंघामार्फत (गावातल्या गटांचा संघ) होणाऱ्या गाव दारिद्र्य निर्मूलन आराखड्यातही त्या मागण्या घाला, कारण तो ग्रामपंचायतीच्या आराखड्याला जोडायचा असतो. परतल्यावर 1 मेच्या ग्रामसभेत यादीचं काय झालं ते विचारा.

माझी पत्नी सरपंच आहे. कागदपत्रं मीच बघतो, लोकही मलाच फोन करतात. तिला मदत आणि ढवळाढवळ यात फरक कसा करायचा?
— वाचक, अहिल्यानगर जिल्हा

प्रश्न प्रामाणिकपणे विचारलात, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. घरी बसून कागद समजावून सांगणं, मुलं आणि स्वयंपाक सांभाळून त्यांना सभेला मोकळं करणं, रात्री उशिराच्या बैठकीला सोबत जाऊन बाहेर थांबणं ही मदत. ग्रामपंचायतीत त्यांच्या खुर्चीशेजारी बसणं, ठेकेदाराशी बोलणं, त्यांच्या वतीने ‘हो’ म्हणणं ही ढवळाढवळ.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे डिजिटल सही. वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज प्रणालीतून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीने जातात. त्या सहीचं टोकन, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी वस्तू, आणि त्याचा पासवर्ड अनेक गावांत संगणक परिचालकाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. उद्या लेखापरीक्षणात गैरव्यवहार निघाला, तर वसुली लागते ती सरपंचांवर, टोकन हाताळणाऱ्यावर नव्हे. टोकन त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांनाच माहीत, नोंदणी त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर, हे या आठवड्यात करून टाका.

मग महिन्यातून एक दिवस त्यांनी ग्रामपंचायतीत बसून तीनच कागद मागवावेत : नमुना 5 म्हणजे रोकडवही, बँकेचा उतारा, आणि चालू कामांची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही. रोकडवहीतली शिल्लक उताऱ्याशी जुळते का हे बघायला सातवीचं शिक्षण पुरतं. जुळत नसेल तर कोणता धनादेश किंवा भरणा राहिला ते विचारायचं. दोन-तीन महिन्यांत हाताला वळण पडतं. तुम्हाला फोन येईल तेव्हा ‘सरपंचांच्या नंबरवर बोला’ एवढंच सांगा आणि नंबर द्या.

आठवडी बाजारात बायकांसाठी शौचालय नाही. पुरुषांएवढीच दोन सीट बांधून देऊ म्हणतात. बरोबर आहे का?
— भाजीविक्रेती, सांगली जिल्हा

बरोबर नाही. बायकांना वेळ जास्त लागतो, बरोबर मूल असतं, पाळी असते. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषातही सामुदायिक शौचालयात 35 पुरुषांमागे एक आणि 25 बायकांमागे एक सीट धरलेली आहे. तेच प्रमाण तुमच्या बाजाराला लावून मागा. एका बाजारदिवशी सकाळी दहाला आणि दुपारी चारला विक्रेत्या आणि गिऱ्हाईक बायका मोजा, म्हणजे आकडा हातात राहील.

पैशाची वाटही आहे. ग्रामीण अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक स्वच्छता संकुलाला 3,00,000 रुपयांपर्यंत धरले आहेत : 70 टक्के, म्हणजे 2,10,000 अभियानाचे आणि 90,000 वित्त आयोगाच्या निधीतून. नकाशा मंजूर होण्याआधी बघून घ्या : बायकांचं दार पुरुषांच्या दाराच्या उलट दिशेला, आतून भक्कम कडी, पिशवी अडकवायला खुंटी, पॅडसाठी झाकणाचा डबा, आणि टाकीला खरोखर पाणी. किल्ली कुणाकडे, झाडणाऱ्याचा पगार कशातून, हे ठरावात नसेल तर उद्घाटनानंतर महिनाभरात कुलूप लागतं. बाजार फीतून तो पगार निघू शकतो.

आम्ही पुण्यात राहतो. शहरात असं काही आहे का?
— वाचक, पुणे

आहे. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहान कामं सुचवून घेते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन देता येतो. त्याची मुदत गणपतीच्या आगेमागे, म्हणजे अंदाजपत्रकाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून जुलैपासूनच चौकशी करा. सोसायट्यांचे पदाधिकारी बाकं आणि नामफलक सुचवत राहतात. घरकामाला येणाऱ्या बायका बसथांब्यापासून कोणत्या पदपथाने चालत येतात, तो कुठे तुटला आहे, हे त्यांना विचारून अर्ज भरा. अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी वेगळी 5 टक्के तरतूद असते, तिच्याकडेही लक्ष ठेवा.

मंजूर झालेलं काम खरंच झालं की नाही, हे कसं तपासायचं?
— वाचक, यवतमाळ जिल्हा

ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा लॉगिनशिवाय दिसतो. महिला सभेचं काम त्यात आहे का, ते आधी पाहा. नसेल तर वित्त आयोगाच्या निधीतून त्यावर खर्च पडणार नाही, मग ठराव कितीही जोरात झालेला असो. असेल तर रक्कम आणि ठिकाण जुळवून बघा. ठिकाण बदललेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे : वरच्या वस्तीचं गटार यादीत ‘गावठाण’ होऊन येतं.

काम चालू असताना दोन बायका आणि दोन पुरुषांनी फीत घेऊन लांबी, रुंदी आणि जाडी मोजावी. काँक्रीटची जाडी कडेला जास्त आणि मधे कमी असते, म्हणून ओतण्याआधी साच्याची उंची मोजा, नंतर कळत नाही. पूर्णत्वाचा दाखला निघण्याआधी हे आकडे लेखी द्या. कागद दाखवायला नकार मिळाला, तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला हे शुल्क नाही. अर्जात ‘सर्व माहिती’ असं मागू नका. कामाचं नाव आणि वर्ष लिहून तीनच गोष्टी मागा : अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तिकेच्या त्या कामाच्या पानांची प्रत आणि देयकाची प्रत. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.